उसनं नाक

कच्चे दाणे राखाडी-हिरवे असतात,
पिशवीत हात घातला तर थंड, वाटाण्यासारखे टणक.
पोन्नम्मानं मडिकेरीहून पाठवलेत.
बँकेत आमची टेबलं एकोणीस वर्षं शेजारी होती.
चिठ्ठीत लिहिलंय, घड्याळ बघू नकोस,
वास घेत घेत भाज.
तिला मी अजून सांगितलेलं नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या तापात वास गेला.
हिंग गेला, गॅस गेला,
आईच्या शालीतली डांबरगोळी गेली.
येईल, डॉक्टर म्हणाले.
आणि नाही आला तर?
यावर त्यांनी पुढचा नंबर पुकारला.

कढई मंगळबाजारातल्या शिंगवाल्याची.
मुलानं मशीन आणलं तेव्हा
पस्तीस वर्षं वाळू सोसलेली ही कढई
त्यानं मला भंगाराच्या भावात दिली.
देताना एवढंच म्हणाला,
"बेन, हाथ ऊभो ना राखता."
नाही राखत.
उलथनं फिरतं, खांदा भरून येतो,
कारेलीबागेतली ही तिसऱ्या मजल्यावरची गॅलरी
धुरानं भरते
आणि मला फक्त डोळे चुरचुरलेले कळतात.

म्हणून जैनिल.
वरच्या मजल्यावरचा, इयत्ता चौथी.
शनिवारी सकाळी स्टुलावर बसतो
नि त्याच्या नाकानं मी भाजते.
वहीत दोन रकाने: मिनिटं, आणि जैनिल.

तीन. ओलं गवत. नाही, ओलं गोणपाट.
पाच. रोटलीची कड.
सात. "आंटी, आता क्रिकेटचा बॉल."
कुठला बॉल?
"नवा. लालवाला."
आठ. बॉल गेला. चिक्की, पण रागावलेली.

नऊला तडतड सुरू होते.
सुटी सुटी, वाळक्या काटक्या मोडाव्यात तशी.
ती माझी.
तोंडावर बोट ठेवून मी त्याला गप्प करते.
एवढी एकच गोष्ट
मला त्याच्याआधी कळते.

मग उतरवायचं, सुपात घेऊन पाखडायचं.
कोंडा उडतो, लसणीच्या सालीहून हलका,
आणि थेट खालच्या भारतीबेनच्या
साबुदाण्याच्या पापडांवर.
"शुं बळे छे रोज रोज?"
काही नाही जळत, मी वाकून सांगते.
सांगण्याआधी मागे वळून
जैनिलकडे एकदा बघून घेते.

मे महिन्यात तो मामाकडे भुजला गेला.
शनिवार आला तसा मी कढई चढवली.
तीन. रकाना कोरा.
पाच. रंग बदामी, असं लिहिलं, मग खोडलं,
हा रकाना डोळ्यांचा नव्हे.
पहिली तड झाली, सरली,
तिथं उतरवायला हवं होतं.
पण मला दुसरी ऐकायची होती.
पोन्नम्मा म्हणायची, ती फार बारीक असते.
होती.
गरम रश्श्यावर शेव पडताना
उसळीच्या ताटलीतून येतो तेवढाच आवाज.
मी कान इतका जवळ नेला
की कानाची पाळी भाजली.

दाणे काळे झाले, तेल सुटून
झुरळाच्या पाठीसारखे चमकले.
करून प्यायले. कडू.
कडू मला कळतं, ते जिभेचं काम.
कडू, आणि गरम,
आणि त्यापुढे काहीच नाही.

संध्याकाळी भुजहून फोन.
"आंटी, किती मिनिटं?"
बारा.
"बाराला तर आपण कधी गेलोच नाही!"
आवाजात चक्क हेवा.
"कसा येतो बाराला?"

मूठभर दाणे मी बरणीत भरून ठेवलेत,
झाकणाला वरून रबर लावलंय.
पोन्नम्माला विचारलं, किती दिवस टिकतो?
पंधरा, म्हणाली, फार तर वीस.
आणि मग हसून, तुला कळेलच की.

जैनिल येणार सात जूनला.
मी बोटांवर मोजते.
पुन्हा मोजते.